रात्री झोपताना चेहऱ्याला नेमकं काय लावायचं? (सोलापूरचं ऊन, बोअरचं पाणी आणि हातात फक्त पाच मिनिटं)

तळ्याकाठची | ११ मार्च, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. वय ३६, राहायला जुळे सोलापूर, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे. म्हणजे रोज स्कूटीवरून अख्खं गाव ओलांडायचं, जाताना ऊन तोंडावर आणि येताना धूळ. घरी पोचायला साडेसात, मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, भांडी. साडेदहाला आरशासमोर उभी राहते तेव्हा अंगात जेमतेम पाच मिनिटांचं त्राण असतं.

दोन्ही गालांवर वांग आहे, धाकट्याच्या वेळी आलं ते गेलंच नाही. कपाळ तेलकट, गाल कोरडे. तर रील्स बघून बघून मी फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड, ग्लायकॉलिक आणि रेटिनॉल असं सगळं आणलं आणि रात्री एकावर एक लावायला लागले. तीन आठवड्यांत नाकाच्या बाजूची कातडी सोलायला लागली आणि आता नुसतं पाणी मारलं तरी झोंबतं. आई म्हणते सगळं फेकून दे, हळद आणि साय लाव.

मला खरंच समजून घ्यायचंय की रात्री कमीत कमी काय केलं तर पुरतं? आणि आमच्याकडे धुवायला बोअरचंच पाणी, त्याचं काय करायचं?

साधंसोपं | ११ मार्च, रात्री ११:१०

काहीही लावू नका. आमच्या आईनं आयुष्यभर डाळीच्या पिठानं तोंड धुतलं, सत्तरीत पण चेहरा कसा तुकतुकीत. हे सगळं बाटल्या खपवायचं काम आहे.

पार्क_चौक | ११ मार्च, रात्री ११:३१

@साधंसोपं आपल्या आया दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नव्हत्या हो, आणि पडल्या तर डोक्यावरून पदर. ताई रोज दोन वेळा स्कूटीवर आहेत, तुलना कशी करणार?

ओपीडीतली | १२ मार्च, सकाळी ७:०५

त्वचारोग विभागात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई, पाणी झोंबतंय म्हणजे कातडीचा वरचा थर दुखावलाय. हा थर भिंतीसारखा असतो, पेशी म्हणजे विटा आणि मधे चरबीचा गिलावा. ग्लायकॉलिक (वरच्या मेलेल्या पेशी सैल करणारं ॲसिड) आणि रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा प्रकार, पेशी लवकर बदलायला लावतो) एकाच रात्री लावलं की गिलावा निघतो, मग आतली ओल उडून जाते आणि बाहेरचं काहीही आत जाऊन चुरचुरतं. तुमची कातडी नाजूक आहे असं नाही, एवढा मारा कुणाचीही सहन करणार नाही.

आत्ता सगळ्या बाटल्या कपाटात ठेवा, फेकू नका. चार आठवडे रात्री फक्त दोन गोष्टी करा. फेस नसलेल्या किंवा कमी फेसाच्या सौम्य क्लेन्झरनं तोंड धुवा, टिपून घ्या आणि चेहरा दमट असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. डब्यावर ग्लिसरीन, सेरामाइड (त्याच गिलाव्यातली चरबी) असं काही दिसलं तर उत्तम, महाग असायची गरज नाही. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर पट्टी काढाल एवढं. झोंबणं पूर्ण थांबलं की मग एकच औषधी गोष्ट आणायची, दोन नाही.

आणि वांगाबद्दल स्पष्ट सांगते, सकाळी सनस्क्रीन नसेल तर रात्री काहीही लावा, उपयोग नाही. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढतं असं नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतं. म्हणून त्यासाठी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन चांगलं. शिवाय स्कार्फ बांधाच, तो आपल्याकडे सगळ्याच बांधतात.

हुरडा_काकू | १२ मार्च, सकाळी ९:४०

अगं पण चेहरा दमट असताना का लावायचं? मी तर आजवर खसाखसा पुसून, कोरडा करून मगच क्रीम लावत आले.

ओपीडीतली | १२ मार्च, दुपारी १:१५

काकू, क्रीम स्वतः फारशी ओल देत नाही, आहे ती ओल धरून ठेवते. कणीक मळून वर ओलं फडकं टाकतो ना आपण, कोरडी झाल्यावर टाकून काय उपयोग? आणि सोलापूरच्या हवेत मार्चपासून दमटपणाच नसतो, त्यामुळे आपल्याकडे हे जास्तच लागू.

बोअर_चारशे_फूट | १२ मार्च, दुपारी ३:२२

पाण्याचं मी सांगतो. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपलाइननं पाणी येतं आणि आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसाआड, म्हणजे प्यायलाच साठवायचं, तोंड धुवायला बोअर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो तोच. साबण त्या पाण्यात विरघळत नाही, साका होऊन कातडीवर चिकटतो आणि धुतल्यावर पण तोंड ताणल्यासारखं वाटतं. मी एक करतो, आरओच्या मशीनमधनं जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवतो आणि त्यानं तोंड धुतो, पाणी पण वाचतं.

गोळ्या_औषधं | १२ मार्च, दुपारी ४:०८

@बोअर_चारशे_फूट दादा थांबा! आरओचं बाहेर टाकलेलं पाणी बोअरपेक्षा पण जड असतं, गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच जातात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, तोंडाला नको. त्यापेक्षा बोअरच्या पाण्यानंच धुवा आणि शेवटी एक तांब्या पिण्याचं पाणी मारा. रात्रीचा एक तांब्या कुणालाही परवडतो.

बोअर_चारशे_फूट | १२ मार्च, दुपारी ४:३०

अरे देवा, दोन वर्षं करतोय. बरं झालं सांगितलंत. आजपासून ती बादली फरशीला.

ओपीडीतली | १२ मार्च, रात्री ९:१९

वरच्याला पूर्ण सहमत. शिवाय अंगाचा साबण तोंडाला लावू नका. साबणाचा पीएच ९-१० असतो, कातडीचा ५ च्या आसपास. बिनसाबणाचं क्लेन्झर असेल तर जड पाण्यात साकाही होत नाही. आणि कोमट पाणी, कढत नको.

रात्रपाळी_लूम | १३ मार्च, पहाटे ५:४८

मी टॉवेलच्या कारखान्यात आहे म्हणून पुसण्याबद्दल बोलतो. लोक नवा कोरा टेरी टॉवेल आणतात आणि लगेच तोंडाला लावतात. नव्या टॉवेलवर मऊ करायचं फिनिश असतं, तो पाणी नीट पीत नाही, मग लोक घासतात. आधी दोन-तीनदा धुवा, सुती लूप उघडले की टॉवेल नुसता टेकवला तरी पाणी ओढतो. आणि तोंडाचा वेगळा ठेवा, छोटा नॅपकिन, दोन दिवसांनी धुवा. आपल्या सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला दोघांनाही जीआय टॅग (त्या गावचीच खास वस्तू अशी सरकारी ओळख) आहे, घासून घासून त्यांची अब्रू घालवू नका 😄

आता माझा प्रश्न. रात्रभर पाळी, सकाळी आठला झोपतो. अंगावर, पापण्यांवर रुई बसलेली असते. मग माझी 'रात्रीची' काळजी सकाळी करायची का?

ओपीडीतली | १३ मार्च, सकाळी ८:३०

हो दादा, झोपायच्या आधीचं ते रात्रीचं. घड्याळ बघू नका, झोप बघा. पाळीवरून आल्यावर आधी धुणं महत्त्वाचं, रुई आणि घाम रात्रभर एकत्र राहिलेले असतात. मग मॉइश्चरायझर लावून खिडकीला जाड पडदा ओढून झोपा. पुढे रेटिनॉइड (रेटिनॉल, ॲडापालिन अशा जातीची औषधं) वगैरे लावायची वेळ आली तर तेही याच वेळी, पण उन्हात जायचं असेल तर उठल्यावर धुऊन सनस्क्रीन.

बीकॉम_थर्ड_इयर | १३ मार्च, सकाळी ११:०२

काय चाललंय बे, धागा लई भारी झालाय. माझ्या कपाळावर नुसत्या पुटकुळ्या आहेत. मित्र म्हणला टूथपेस्ट लाव, लावली, पुटकुळी गेली पण काळा डाग राहिला. घरी आज्जी रोज डोक्याला चपचपीत खोबरेल लावते, नको म्हणलं तर रागावते.

गोळ्या_औषधं | १३ मार्च, सकाळी ११:४०

मित्रा, टूथपेस्ट दाताला. त्यानं कातडी भाजते आणि आपल्या सावळ्या रंगाला भाजलं की डाग राहतोच, महिनोन् महिने. तेल कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजतात. आज्जीला म्हण सुट्टीच्या सकाळी लाव आणि दोन तासांनी धुऊन टाक, तिचा मान पण राहील.

मुरुमांसाठी बेन्झॉइल परॉक्साइड २.५ टक्के चांगलं असतं, पण ते कापडाचा रंग खातं! लावून झोपलास तर उशीच्या अभ्र्यावर, चादरीवर पांढरे डाग पडतील आणि ते धुऊन जात नाहीत. ॲडापालिन ०.१ टक्के पण चांगलं, ते रात्रीच लावायचं, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं. शेंगदाण्याएवढं नाही, वाटाण्याएवढं. नुसतं पुटकुळीवर ठिपका लावून उपयोग नाही. सुरुवातीला आठवड्यातनं दोन-तीन रात्री. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्या आधी सोडू नको. एकदा डॉक्टरला दाखवून मगच सुरू कर.

रात्रपाळी_लूम | १३ मार्च, दुपारी ४:१५

चादरीवर पांढरे डाग?? ते औषध लावलं की पांढऱ्या अभ्र्यावरच झोप रे बाबा. मोराची चादर घालू नको खाली.

पुण्यातली_सोलापूरकर | १३ मार्च, रात्री १०:१२

मला सुट्टीला सोलापूरला आलं की पहिल्याच रात्री ओठ फुटतात. पुण्यात जेल मॉइश्चरायझर पुरतं, इथे पुरत नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला आले तेव्हा तर पहाटेच्या गार वाऱ्यानं गालच फाटले. आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं म्हणलं तर जाड क्रीमला रात्रभर धूळ चिकटते. तेव्हा काय करायचं?

हुरडा_काकू | १४ मार्च, सकाळी ६:५५

गच्चीवर झोपणारी अजून कुणीतरी आहे हे वाचूनच बरं वाटलं. आमच्याकडे संध्याकाळी सहाला गच्चीवर पाणी मारायचं (पाणी असेल तर), नऊला गाद्या टाकायच्या, आणि आकाश बघत गप्पा. आता सगळे एसीत. मी अजून जाते. क्रीम मी जेवणानंतर लगेच लावते, झोपायला अकरा वाजतात, तोवर मुरतं. मग धूळ एवढी चिकटत नाही.

ओपीडीतली | १४ मार्च, सकाळी ९:२०

काकूंनी बरोबर सांगितलं. उन्हाळ्यात हलकं लोशन आणि थंडीत जाड क्रीम, एवढा बदल पुरे. कूलर पाण्यावर चालतो म्हणून हवेत ओल राहते, एसी ती ओढून घेतो. एसीत झोपणाऱ्यांनी मॉइश्चरायझर चुकवू नये. ओठांना झोपताना पेट्रोलियम जेली.

साधंसोपं | १४ मार्च, सकाळी १०:०५

सगळं ठीक, पण घरगुती उपायांवर कुणीच बोलेना. हळद, साय, लिंबू, मुलतानी माती हे सगळं खोटं आहे का? पिढ्यान् पिढ्या बायका वेड्या होत्या का?

ओपीडीतली | १४ मार्च, दुपारी २:४५

वेड्या मुळीच नव्हत्या. तुमच्या आईंचं डाळीचं पीठ मी वाईट म्हणणार नाही. साबणापेक्षा सौम्य, तेल ओढतं. फक्त झोंबणाऱ्या चेहऱ्यावर रगडू नये. साय कोरड्या गालांना चालते, पण मुरुम असतील तिथे नको. मुलतानी माती ओल शोषून घेते, आधीच कोरड्या गालावर सोलापूरच्या उन्हाळ्यात लावणं म्हणजे जखमेवर मीठ. लिंबाला मात्र माझा ठाम विरोध आहे. रसाचा पीएच २ च्या आसपास, आणि लिंबू लागलेली कातडी उन्हात गेली तर अक्षरशः भाजून काळे चट्टे पडतात. रात्री लावलं तरी सकाळी तिथे जळजळ असतेच.

साधंसोपं | १४ मार्च, दुपारी ३:१०

लिंबाचं पटलं. माझ्या बहिणीला असे चट्टे पडले होते, आम्ही उष्णता समजत होतो.

पूर्व_भाग | १४ मार्च, रात्री ११:३६

इतके दिवस लिहू की नको चाललं होतं. माझ्या लग्नाआधी एका दुकानदारानं एक ट्यूब दिली, म्हणाला रोज रात्री लावा, पंधरा दिवसांत उजळाल. आणि खरंच उजळले! सगळे विचारायला लागले काय लावतेस. पाच महिने लावली. मग एक दिवस संपली आणि आणायची राहिली, तर तिसऱ्या दिवशी चेहरा लालभडक, आग आग, बारीक पुळ्या. परत लावली की शांत. असं वर्षभर चाललं. गालावर लव वाढली, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. शेवटी डॉक्टरांनी ट्यूब बघितली तर त्यात स्टेरॉइड. ते सोडवायला आठ महिने लागले. लग्नाच्या फोटोत मी गोरी दिसतेय, आणि तो फोटो मला बघवत नाही. माझा मूळ रंग छान होता. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर.

गोळ्या_औषधं | १५ मार्च, सकाळी ८:१२

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. औषध दुकानातच बसतो म्हणून माझ्याच व्यवसायाबद्दल सांगतो. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं कुठलंही नाव ट्यूबवर असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ साली सरकारनं अशी मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मागणारे येतात आणि देणारे देतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब वांगावर डॉक्टर देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि लक्ष ठेवून. ती रोजच्या रात्रीची क्रीम नाही. गजकर्णावर पण लोक हीच लावतात, मग ते दबतं आणि जास्त पसरतं.

माझ्या काउंटरवर कुणी 'गोरं व्हायची ट्यूब द्या' म्हणलं तर मी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुढे ठेवतो. काही जण रागावून शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

ओपीडीतली | १५ मार्च, सकाळी ८:५०

🙏 @पूर्व_भाग, असे चेहरे मी दर आठवड्याला बघते. कुणाची अशी ट्यूब चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडवून घ्या.

तळ्याकाठची | १५ मार्च, रात्री १०:४०

पूर्व भागातल्या ताई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे पण लहानपणी 'काळी पडशील' हेच ऐकत मोठी झाले. या बाटल्या आणण्यामागे वांग होतं की ते वाक्य होतं, कोण जाणे.

सगळ्या बाटल्या कपाटात टाकल्या. धुणं आणि क्रीम, आजपासून.

नववा_महिना_नाही_तिसरा | १६ मार्च, दुपारी १२:२०

मला तिसरा महिना चालू आहे, मी रेटिनॉल लावत होते 😟

ओपीडीतली | १६ मार्च, दुपारी १२:४१

आजच बंद करा आणि पुढच्या तपासणीत तुमच्या डॉक्टरांना सांगा. चेहऱ्याला लावलेलं रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण गरोदरपणात कुठलंच रेटिनॉइड वापरायचं नसतं. मुरुम किंवा डागांसाठी या काळात ॲझेलेइक ॲसिड चालतं, तेही त्यांना विचारून.

बीकॉम_थर्ड_इयर | १६ मार्च, रात्री ९:३०

आज्जी मानली! रविवारी सकाळी तेल, दुपारी धुवायचं. पण अट घातली की चकुल्या खायला घरी थांबायचं.

तळ्याकाठची | २ मे, रात्री १०:३५

मंडळी, सात आठवडे झाले, सांगायला आले. पहिले दहा दिवस काहीच फरक नाही, उलट रोज कपाटाकडे हात जायचा. दुसऱ्या आठवड्यात सोलणं थांबलं, चौथ्या आठवड्यात पाणी झोंबायचं पूर्ण बंद झालं. मग ओपीडीतल्या ताईंनी सांगितलं तसं एकच औषधी गोष्ट आणायची म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वांगासाठी रात्री एकच मलम दिलंय, ॲझेलेइक ॲसिडचं, एक दिवसाआड.

आता माझी रात्र अशी आहे. घरी आल्या आल्या, स्वयंपाकाच्या आधीच तोंड धुते, हा बदल माझा मीच केला, कारण साडेदहाला बेसिनपाशी जायचा कंटाळा यायचा आणि धुणंच चुकायचं. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. धुतलेला जुना नॅपकिन नुसता टेकवते. लगेच क्रीम. मलमाच्या रात्री मात्र चेहरा कोरडा होऊ देते, मलम लावते, दहा मिनिटांनी क्रीम. कुकरच्या दोन शिट्ट्यांत सगळं आवरतं. ४३ डिग्री चालू आहे तरी गाल ताणत नाहीत. वांग आहे तिथेच आहे, कडा जरा पुसट वाटतात, डॉक्टर म्हणाले महिने लागतील आणि पूर्ण जाईलच असं नाही. सनस्क्रीन रोज, दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत एकदा.

पूर्व_भाग | २ मे, रात्री १०:५८

कुकरच्या शिट्ट्यांचं माप आवडलं. मी पण संध्याकाळीच धुऊन घेईन आता.

हुरडा_काकू | ३ मे, सकाळी ७:१५

छान झालं गं बाळा. आईचा राग गेला का?

तळ्याकाठची | ३ मे, रात्री १०:२०

काकू, राग गेला आणि क्रीमचा डबाही गेला. आई रात्री टाचांना लावते म्हणे, भेगा भरल्या. आता दोन डबे आणावे लागतात.

गोळ्या_औषधं | ३ मे, रात्री १०:४४

टाचांना चेहऱ्याचं महाग क्रीम कशाला? १० टक्के युरियाचं क्रीम आणा, कमी पैशात जास्त काम. पाय धुऊन ओलसर असतानाच लावायचं आणि वर जुने सुती मोजे. खोल चिरा पडल्या असतील तर आधी त्या भरू द्या, नाहीतर युरिया झोंबेल. आणि आईंना शुगर असेल तर भेगा रोज उजेडात बघत जा.